बसलेली गाठ

पोस्टमास्तरांच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आत पुडीगुरू हात नाचवत सांगत होते, "गाठ म्हणजे हट्टी भाडेकरू! माझी पुडी गेली पोटात, की बिऱ्हाड उचललंच!" जो तो पोस्टमास्तरांची मान चाचपून बघत होता. महिन्याभरात लिंबाएवढी झालेली गाठ खरोखरच बसली होती.

शिंपीणबाई मागे उभ्या राहून आतल्या आत जळत होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही लसिकाग्रंथींचाच कर्करोग. वय ऐंशीच्या घरात, शरीर साथ देईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच औषधं थांबवली होती. पोस्टमास्तरांनी तर गुरूच्या नादाने उपचार अर्ध्यावर टाकले. तरी त्यांचीच गाठ बसावी? आपण काय घोडं मारलं होतं?

एक पुडी मागून घेऊन त्या तडक दवाखान्यात गेल्या. "तुम्ही हात टेकलेत. पुडीगुरूने पोस्टमास्तरांची गाठ बसवून दाखवली!"

डॉक्टरीणबाईंनी पुडी हुंगली. "चेहरा एकदम गोल झालाय का त्यांचा?"

"गाल तर असे वर आलेत! दोन माणसांचं जेवतात. झोप मात्र नाही."

पुडी तपासली, तर निघालं स्टिरॉइड.

"याने गाठ थोडे दिवस बसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार जात नाही. तुमच्या यजमानांचा आजार सावकाश वाढणारा. औषध थांबवूनही काही जण वर्षानुवर्षं काढतात. नेमकी किती, ते कुणालाच सांगता येत नाही. पण महिन्यात लिंबाएवढी होणारी गाठ वेगळी. तिथे उपचार सोडले, तर बहुधा काही महिनेच. पुरे केले, तर माणूस बराही होऊ शकतो."

शिंपीणबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंना घेऊनच त्या पोस्टमास्तरांच्या घरात शिरल्या आणि सगळ्यांदेखत बोलल्या. गुरू उसळले, "ही बाई जळते!"

"जळते ना! म्हणून तर यांचे गाल रोज न्याहाळत होते. तुम्ही स्वतः खाऊन दाखवा बघू दहा पुड्या."

गुरूंना अचानक दुसऱ्या गावचे भक्त आठवले.

"वहिनी, आजपासून पुडी बंद," पोस्टमास्तर पुटपुटले.

"एकदम नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेही धोक्याचं. उद्या दवाखान्यात या."

पोस्टमास्तर दवाखान्यात गेले. उपचार पुरे झाले, आजार हटला. शिंपीणबाईंचा नवरा अजून आहे, सकाळी चहा मागतो. त्याचा आजार मात्र हटणारा नाही. पोस्टमास्तर जिना चढताना दिसले की बाईंना आजही हेवा वाटतो. पण नवऱ्याच्या तोंडात पुडी त्यांनी घातली नाही.

गाठ बसली तर आनंद जरूर करा. पण ती कशाने बसली, हे विचारल्याशिवाय चालू उपचार सोडू नका.