बुटांची तोंडं दाराकडे

मित्रांनो, आमच्या हॉलमध्ये बुद्धांची सुंदर मूर्ती आहे, पण येणारा प्रत्येक जण आधी वाकायचा तो माझ्यापुढे. बूट काढल्याशिवाय आत जाता येत नाही ना. मी दाराबाहेरचा चपला-बुटांचा लाकडी रॅक. वय झालंय. चार फळ्या, त्यातली एक पोक आलेली.

कारखान्यातलं मला फक्त भुशाचा वास आठवतो. पुढे बारा वर्षं एका जर्मन आजीचे बूट सांभाळले. ती गेली आणि स्पेरम्युलच्या दिवशी, म्हणजे नको झालेलं सामान रस्त्यावर मांडतात त्या दिवशी, तिच्या मुलाने मला फुटपाथवर आणून ठेवलं. तिथून मला भास्करदादांनी उचललं. मोटारीच्या कारखान्यातले इंजिनिअर. "दणकट आहे," म्हणाले, आणि गाडीच्या टपावर बांधून घेऊन आले. रस्त्यावरची वस्तू नेली म्हणून त्यांना कुणी काही बोललं नाही. हे लक्षात ठेवा.

वोल्फ्सबुर्गच्या या भाड्याच्या हॉलमध्ये आपली बौद्ध मंडळी रविवारी वंदनेला जमत आणि मग रोमा मुलांचा वर्ग घेत. रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघाले. इथे अजून त्यांना कुणी नीट शेजार देत नाही. पहिल्या दिवशी भास्करदादा म्हणाले होते, "आमच्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. इथे कुणी बाहेर बसणार नाही." टाळ्या मला बाहेर ऐकू आल्या.

मी माणसं पायाकडून ओळखतो. टाच चुरगळून बूट घालणारा घाईचा, नाडीला दोन गाठी मारणारा संशयी. मंडळींतला रुपेश तीन मारायचा. शिवाय या मंडळींची एक खोड. सेलमध्ये एकाला काही स्वस्त मिळालं की सगळे तेच घेणार. त्या हिवाळ्यात माझ्यावर सात काळे जोड होते, सातही सारखे. त्यातला भास्करदादांचा मुक्कामालाच असे. ते गाडीतून घरच्या सपातांवर यायचे, बूट मुलांबरोबर फुटबॉल खेळायला इथेच ठेवलेले.

मुलांमध्ये मिरेला होती, दहा वर्षांची. पायात आईचे बूट, पुढे कागद कोंबलेला. सगळे आत गेले की ती सगळ्यांचे बूट फिरवून त्यांची तोंडं इमारतीच्या बाहेरच्या दाराकडे करायची. निघताना नुसता पाय घालायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एका गुरुवारी तिचं ठरणार होतं. चौथीनंतर साधी शाळा, की फ्योर्डरशूले, म्हणजे अभ्यास झेपत नाही अशा मुलांची शाळा. तिला अभ्यास चांगला झेपत होता, पण शाळेला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. आईला वाचता येत नव्हतं. वर्गाचं पत्र घेऊन भास्करदादा सोबत जाणार होते.

त्याआधीच्या रविवारी बर्फ पडला. भास्करदादांना शिफ्टला लवकर जायचं होतं. सपाता पिशवीत टाकल्या, माझ्यावरचा एक काळा जोड पायात घातला आणि गेले. जोड रुपेशचा होता, नवाकोरा. त्यांचा स्वतःचा जागेवरच राहिला, आणि तो तर कायम तिथेच असतो.

वर्ग अर्ध्यावर असताना रुपेश फोन घ्यायला बाहेर आला. "माझे बूट?"

त्याची लेक अन्वी जर्मनमध्ये सहज म्हणाली, मिरेला दर वेळी सगळ्यांच्या बुटांना हात लावते.

"गेनाऊ, अगदी बरोबर," रुपेश म्हणाला. "मी आधीपासून सांगतोय. यांना पेन्सिली द्या, पण लक्ष ठेवा."

शिकवणाऱ्या प्रभाताईंनी मिरेलाची पिशवी उघडली. वही आणि अर्धा पाव. "अहो रुपेश, तिच्याजवळ काही नाही."

"मग बाहेर कुणाला तरी दिले असतील."

प्रभाताईंनी दारातूनच भास्करदादांना स्पीकरवर फोन लावला. त्यांचा आवाज मला स्पष्ट आला. "बूट मिळेपर्यंत पत्र थांबवा. वर्गाच्या नावाचा प्रश्न आहे. आणि तोवर तिला बाहेर बसू दे." त्या वेळी त्यांच्या पायात काय होतं, ते मला माहीत होतं.

"मी जाते गुरुवारी तिच्यासोबत," प्रभाताई म्हणाल्या.

"वर्गाच्या पत्राशिवाय तुम्हाला कोण विचारतंय, ताई?" फोनमधून भास्करदादा म्हणाले.

प्रभाताईंनी फोन ठेवला आणि आत जाऊन दार लावलं. मिरेला माझ्याशेजारी जमिनीवर बसली, बंद दारातून पाढे ऐकत. थोड्या वेळाने उठून तिने उरलेल्या बुटांची तोंडं दाराकडे केली.

बुधवारी दुपारी भास्करदादा एकटे आले. रुपेशचे बूट पुसून फळीवर ठेवले आणि माझ्यासमोर पायरीवर बसले. मी म्हटलं, आला माणूस, वेळेत आला. त्यांनी फोन काढला, बराच वेळ पाहिला, खिशात ठेवला.

गुरुवारी आई एकटी गेली. फ्योर्डरशूलेच्या कागदावर बोट दाखवलं तिथे तिने सही केली.

रविवारी बूट पाहून रुपेश हसला. "बघा. घाबरून आणून ठेवले."

प्रभाताईंनी भास्करदादांकडे पाहिलं. "बाहेरच्या दाराची किल्ली तिच्याकडे कुठून आली?"

"जाऊ द्या ताई," भास्करदादा म्हणाले. "लहान आहे. आपण क्षमा करू या तिला."

मग पंचशील झालं. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. भास्करदादांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कुलपाचं लोखंडी कपाट आलं आणि मी पुन्हा फुटपाथवर. माझ्यावर कुणीतरी जुन्या बुटांचा एक जोडही टाकून दिला होता.

संध्याकाळी मिरेला आईबरोबर तिथून गेली. पाठीवर नव्या शाळेचं दप्तर. आईने माझी फळी दाबून पाहिली, तिला बरी वाटली असावी. ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

मिरेलाने मला ओळखलं. "नको," ती जर्मनमध्ये म्हणाली. "म्हणतील, चोरला."

त्या उलट्या पडलेल्या बुटांकडे तिचा हात सवयीने पुढे आला. मग तिने तो खिशात घातला आणि गेली.

मित्रांनो, मला पावसात कुजू द्या, माझी हरकत नाही. फक्त निघताना एकदा खाली वाकून बघा, पायात बूट आपलेच आहेत ना. आणि नसले, तर गुरुवारच्या आत सांगा.