निळ्या हंडीचा तडा

बद्रीनाथच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांच्या घरात जुनी काच असते. दुसरी, ज्यांना तिची अक्कल असते. दुसऱ्या प्रकारात बीड जिल्ह्यातून तो एकटाच मोडायचा.

छताला टांगायच्या काचेच्या दिव्याची, म्हणजे हंडीची, निळी बेल्जियम जोडीतली एक त्याच्याकडे धूळ खात पडली होती. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं होतं, जोडी असेल तरच घेतो. जोडीतली दुसरी त्याला नेकनूरला सापडली, कडूबाईच्या स्वयंपाकघरात. तिच्यात लसूण ठेवला होता.

त्याच्या काळजाचा ठोका चुकला. चेहऱ्यावर मात्र त्याने कारल्याचा रस प्याल्याचा भाव आणला. धंद्याची रीतच ती: जे हवं, त्याला नावं ठेवायची.

"लसणाला बरीय," तो म्हणाला.

"देशमुखानं दिलती आमच्या आजेसासऱ्याला."

"त्यांना नकोशी झाली असंल."

"रंग तरी बघ की. कसला निळा हाय!"

"नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा."

कडूबाई जरा वरमली. मग बद्रीनाथने हुकमी पान काढलं. हंडीवर नख वाजवलं, कान लावला, आणि सुतकी तोंड करून म्हणाला, "मावशी, तडा गेलाय हिला."

तडा कुठेच नव्हता. पण आष्टीपासून तेलगावपर्यंत याच वाक्यावर त्याचा संसार चालला होता. लोक स्वतः बघतही नसत, खजील होऊन पडेल भावात देऊन टाकत. म्हणूनच त्याला त्यांची कीव यायची.

कडूबाईनेही बघितलं नाही.

"फुटकी काच? घरात? तरीच म्हैस आटली!"

तिने लसूण पदरात ओतला, हंडी उचलली आणि मागच्या दारातून उकिरड्याच्या दगडांवर भिरकावली. आवाज मोठा गोड आला.

"अवो मावशी! तडा नव्हता तिला!"

"मग म्हणलास कावून?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तुज्या घरी आसली एखादी तर तीबी टाकून दे बाबा," ती मायेने म्हणाली. "अवदसा येती. आन् लसूण ने थोडा, गावरान हाय."

हंडीसाठी आणलेल्या वाकळेत लसूण बांधून तो एसटीत बसला.

"लई अडाणी मुलूख," तो शेजारच्या माणसाला म्हणाला. "सांगाल ते खरं मानतात."