पाचवं कडवं

हार्टविगची होडी बुडाल्याची बातमी लोफोटेनच्या बेटांवरून आली, तेव्हा मी चुलीवर मासळी शिजवत होते. मार्चचा महिना होता. नाताळानंतर आमच्या फियोर्डमधून, डोंगरांमधल्या या लांब खाडीतून, पाच जण त्या होडीवर मासेमारीला गेले होते. बातमीत एवढंच होतं, की होडी फुटली आणि पाचही गेले. दोघांची प्रेतं मिळाली होती, तिघांची नव्हती.

गाणी रचायचं काम माझं. नवरा गेल्यापासून मी त्यावरच जगते. कुठे होडी बुडाली, कुणाला फाशी झाली, कुठे आग लागली, की मी कडवी जुळवायची, ट्रोम्सोच्या छापखान्याकडे धाडायची आणि छापील पानं आली की चर्चसमोर उभं राहून गात विकायची. चाल नेहमी एखाद्या स्तोत्राची. लोक रडत रडत विकत घेतात, घरी नेऊन पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात.

या गाण्याला पाच कडवी केली, प्रत्येकाला एक. त्या पाचांतल्या आर्न्टच्या बायकोला, बेरगिटेला, त्याचं कडवं वाचून दाखवायला गेले. ती काळ्या कपड्यांत बसली होती. तिनं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मावशी, त्याचं नाव घालू नकोस. तो अजून सापडलेला नाही."

"अगं, समुद्रात गेलेले सगळे थोडेच सापडतात?"

"नसू दे. मी बघितल्याशिवाय नको."

"चौघांची नावं घातली आणि त्याचं गाळलं, तर उद्या तूच म्हणशील, माझ्या नवऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही."

ती गप्प झाली. तिची संमती मिळाली असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर ट्रोम्सोला जाणारी आगबोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती, आणि ते पाचवं कडवं बाकीच्या चारांपेक्षा मला चांगलं साधलं होतं:

*पाचवा आर्न्ट, तरुण वल्हेकरी,*
*निजला थंड सागराच्या उदरी.*

ईस्टरच्या रविवारी प्रार्थना सुटली आणि मी चर्चच्या भिंतीपाशी गायला उभी राहिले. पाचव्या कडव्याला पोचले तेव्हा लोकांच्या माना एकेक करून मागे वळायला लागल्या. किनाऱ्याकडून आर्न्ट चालत येत होता. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. माझ्या तोंडून ओळ तशीच बाहेर पडली, मला थांबता आलं नाही.

तो जवळ येऊन उभा राहिला. "गा की मावशी. चाल तर छान आहे."

झालं होतं असं, की होडी फुटण्याआधी आठवडाभर त्याच्या बोटात गळ घुसून विष भरलं होतं. हार्टविगनं त्याला पलीकडच्या बेटावर एका म्हातारीकडे औषधाला सोडलं आणि त्याच्या जागी भलताच एक परका माणूस घेतला. महिनाभर हा तापात पडून होता. त्याला मेलेला समजून इकडे सुतक चाललंय, हे त्याच्या कानावरही गेलं नव्हतं.

बेरगिटे धावत आली नाही. ती हळूहळू चालत आली, त्याच्या गालाला हात लावून बघितला आणि मगच रडली. बाकीचे जिथे होते तिथेच उभे राहिले. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली नाही.

मे महिन्यात होड्या उत्तरेला फिनमार्ककडे निघतात. आर्न्टचा हात बरा झाला होता, पण त्याला कुणी घेईना. एकजण म्हणाला माणसं पुरी आहेत, दुसरा म्हणाला होडी लहान आहे. तिसऱ्यानं मात्र तोंडावर सांगितलं, "तुझं नाव बुडालेल्यांत लिहिलं गेलंय रे बाबा. आम्हाला तुझी सोबत नको."

तेव्हा तो माझ्याकडे आला. आधी हसत होता, मग हसणं थांबलं.

"मावशी, ती पानं परत घे."

मी दारोदार फिरले. दोनशेतली जेमतेम तीस हाती लागली. लोक म्हणाले, वर क्रूस छापलाय, खाली प्रार्थना आहे, ते जाळलं तर पाप लागेल. पाद्रीबाबांनी रविवारी खडसावलं, की ही अंधश्रद्धा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आर्न्टच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायला मात्र कुणी आलं नाही.

शेवटी इसाकनं त्याला घेतलं. इसाक पन्नाशीचा, होडीचा मालक, माझ्या नवऱ्याचा जुना सोबती. त्याचा एक माणूस आजारी पडला होता. निघायच्या दिवशी बेरगिटे किनाऱ्यावर माझ्या शेजारी उभी होती. होडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी."

जूनच्या अखेरीस इसाकची होडी परत आली. पाच गेले होते, चार आले. एकच लाट आली आणि आर्न्टला घेऊन गेली, असं चौघांनी सांगितलं. गावाला नवल वाटलं नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

दोन दिवसांनी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. इसाक आला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला.

"सेवेरिने, गाणं लिहायचं असेल तर ऐकून घे."

"मी लिहीत नाहीये."

"तरी ऐक. लाटेनं त्याला नेलं, पण लांब नाही नेलं. तो वर आला. त्याचा हात होडीच्या काठावर होता, माझ्यासमोर, या कुंपणाइतका जवळ. मी धरू शकलो असतो."

"मग?"

"मला वाटलं, समुद्र आपलं मागून घेतोय. ह्याला वर ओढला तर तो दुसऱ्या कुणाला नेईल. बाकीचे तिघंही नुसते बघत होते." त्यानं टोपी काढली. "तो माझं नाव घेत होता गं. बराच वेळ."

माझ्या हातातली ओली चादर जड झाली. ती मी टोपलीत ठेवली. इसाकला बोल लावायला माझ्यापाशी तोंड नव्हतं.

"बेरगिटेला सांगितलंस?"

"नाही."

"सांगायला हवं."

"ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. तुला म्हणेल, मलाही म्हणेल."

तो जागचा हलेना. मी हात पुसले, फाटक उघडलं आणि त्याच्या बाहीला धरून त्याला रस्त्यावर आणलं. बेरगिटेच्या घरापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. दार मी ठोठावलं. तिनं उघडलं, आधी इसाककडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही काही बोलायच्या आतच तिनं मागे हात नेला आणि भिंतीचा आधार घेतला.