ऑगस्टचा स्टॅम्प पेपर

हमदुल्लाने प्रिंटरमधून कागद ओढून काढले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या आणि अनुपमाताईंसमोर सरकवले. वर एक निळं पेन ठेवलं.

“ताई, तीन ठिकाणी सही. फुली मारलीय तिथे.”

पेन चिकट होतं. रोज शंभर हात लागणारं. अनुपमाताईंनी ते दोन बोटांत धरलं आणि लगेच खाली ठेवून पर्समधून स्वतःचं काढलं. दुबईच्या अल बर्शा भागातल्या, व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या त्या टायपिंग सेंटरात अत्तराच्या फवाऱ्याचा उग्र वास कोंडला होता, आणि समोरच्या कागदी कपातल्या चहावर जाड साय धरली होती. त्यांनी कप दूर सारला.

“वाचत काय बसतेस आई, स्टँडर्ड फॉरमॅट आहे,” शेजारच्या खुर्चीतून शैलेंद्र म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. “यल्ला, चल लवकर, मला अकराला मीटिंग आहे.”

न वाचता सही करायला सांगत होता, तेही कुणाला! अनुपमाताईंची अख्खी हयात कागद वाचण्यात गेली होती. सिंगापूरच्या एका विमा कंपनीसाठी त्या दवाखान्यांची बिलं आणि दाखले तपासत, घरबसल्या, लॅपटॉपवर. खोटा दाखला त्यांना लांबून ओळखू यायचा. गेल्या सप्टेंबरात त्या पुण्याहून मुलाकडे आल्या त्याही या नोकरीच्या जोरावर. परदेशातल्या कंपनीचं काम इथे राहून करणाऱ्यांना वर्षाचा व्हिसा मिळतो, तो त्यांनी घेतला होता. त्यावर प्रायोजक म्हणून मुलाचं नाव नव्हतं. त्या स्वतःच्या नावावर इथे राहत होत्या आणि एकसष्टाव्या वर्षी त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

तो व्हिसा नऊ दिवसांनी संपणार होता. कंपनीने पुढच्या वर्षाचं पत्रही पाठवून दिलं होतं. पण सुनेला नवी नोकरी लागली, पाच वर्षांच्या ईशानीला शाळेतून आणायला कुणी उरलं नाही आणि शैलेंद्रने जेवता जेवता विषय काढला. आता बास कर ना ते काम. माझ्या स्पॉन्सरशिपवर ये, आरामात राहा. त्या व्हिसावर काम करता यायचं नाही एवढंच. ईशानीने ताटावरून मान वर करून विचारलं होतं, “आजी, विल यू पिक मी अप एव्हरी डे?” आणि अनुपमाताई हो म्हणून बसल्या होत्या.

आता तो ‘हो’ कागदावर उतरला होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की अर्जदाराची आई विधवा असून पूर्णतः त्याच्यावर अवलंबून आहे, तिला उत्पन्नाचं कोणतंही साधन नाही आणि मायदेशी तिला सांभाळणारं दुसरं कुणी नाही. अनुपमाताईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं कमावणाऱ्या बाईला तिच्याच सहीने निराधार करून टाकायचं, आणि वर म्हणायचं स्टँडर्ड फॉरमॅट आहे. त्यांना शिसारी आली.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

“आई, सगळेच लिहितात गं.”

“वैभवी आहे की पुण्यात. पोटची लेक असताना कुणी नाही कसं?”

हमदुल्लाने चष्मा कपाळावर चढवला. पन्नाशीचा माणूस, मूळचा राजापूरचा. पहिल्याच भेटीत त्याने मराठीत विचारपूस केली होती म्हणून शैलेंद्र इथेच यायचा. “ताई, मी माझ्या अम्मीला आणलं ना, तेव्हा गावात दोन भाऊ होते माझे. तरी हेच लिवलं. भावांनी पण लिवून दिलं. कागद आहे, खलास. मनाला लावून नाय घ्यायचं.”

“वैभवीनेही दिलंय लिहून,” शैलेंद्रने गठ्ठ्यातला शेवटचा कागद काढून वर ठेवला. “मागच्या आठवड्यात तिला सांगितलं, तिने लगेच नोटरी करून कुरियर केलं. बघ.”

तो स्टॅम्प पेपर होता. मजकूर इंग्रजीत होता, पण मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की मी माझ्या आईला सांभाळायला असमर्थ आहे. खाली वैभवीची सही. लहानपणापासून ती आपल्या नावाखाली एक लांबलचक रेघ ओढायची, ती रेघसुद्धा होती.

अनुपमाताईंनी कागद उलटा केला. त्यात काही हेतू नव्हता, हाताची खोड होती. स्टॅम्प पेपर हातात आला की आधी मागची बाजू बघायची, असं त्या नव्या पोरांना शिकवत आल्या होत्या. मजकूर कुणीही काहीही लिहितो. पाठीवर मात्र विकणाऱ्याचा शिक्का असतो, घेणाऱ्याचं नाव असतं आणि तारीख असते.

घेणाऱ्याचं नाव वैभवीचं होतं. तारीख आठ ऑगस्ट. गेल्या वर्षीची.

त्यांनी ती पुन्हा वाचली. गेल्या ऑगस्टात दुबईला जावं की नाही हेच त्यांचं ठरत नव्हतं. वैभवी रोज फोन करायची, एक वर्ष जाऊन तर ये, नाही आवडलं तर परत ये, तुझं काम तुझ्याबरोबरच आहे ना. सप्टेंबरात त्या विमानात बसल्या तेव्हा हा कोरा कागद पुण्यात कुठल्याशा कपाटात तयार होता.

“वैभवीला कधी सांगितलंस म्हणालास?”

“अगं, मागच्याच आठवड्यात.” शैलेंद्रने फोनमधून डोळे वर केले नाहीत. “का?”

किती सहज बोलला! बिलं फुगवणारे निदान चाचरतात तरी. त्या कागद घेऊन उठल्या.

“वैभवीशी बोलून येते.”

बाहेर ऊन अंगावर आलं. इमारतीच्या सावलीत उभं राहून त्यांनी फोन लावला. वैभवीने लगेच उचलला.

“झालं का आई काम?”

“हा स्टॅम्प पेपर तू कधी घेतलास?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“उलटा करून बघितलास ना?” वैभवी म्हणाली. “मी दादाला म्हटलं होतं, नवा घेते. तो म्हणाला, कुरियर चुकेल.”

“मी तेव्हा यायचं ठरवलंही नव्हतं.”

“तू नव्हतं ठरवलंस. आम्ही ठरवलं होतं.”

“लाज नाही वाटत सांगायला?”

“वाटते ना. सही करताना वाटली.” वैभवीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “पण आई, बाबांच्या आजारपणात दीड वर्ष मी केलं. दादा तिकडे होता. तेव्हाच आमचं ठरलं, की तुझ्या वेळी दादाची टर्न.”

“बाबांचं तू एकटीने केलंस? घर कोण चालवत होतं? औषधं कुठून येत होती?”

“तेच म्हणतेय मी. तू काम करत होतीस. बाबांना उलटी झाली की लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायचीस, वैभवी, बघ गं जरा. मी बघायचे. पुसायचे. तुझं चुकलं म्हणत नाहीये मी. मला पुन्हा नाही जमणार, एवढंच लिहून दिलंय. त्या कागदावर खोटं काही नाही.”

इतका वेळ ज्या दोघांची अनुपमाताईंना किळस येत होती, त्यांच्या पंक्तीत आपलंही पान मांडलेलं आहे, हे काही त्यांना गिळवेना. “ठेवते,” एवढंच म्हणून त्यांनी फोन बंद केला.

आत आल्यावर त्यांनी वैभवीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि बाकीचा गठ्ठा हमदुल्लाकडे परत सरकवला.

“हा अर्ज राहू दे, भाऊ. माझा आहे तोच व्हिसा पुढे चालवायचाय. कंपनीचं पत्र व्हॉट्सॲप करते.”

हमदुल्लाने एकदा शैलेंद्रकडे पाहिलं, मग नवा फॉर्म उघडला. “स्पॉन्सरच्या जागी सेल्फच टाकू ना, ताई?”

“हो.”

“आई, हे काय चाललंय?” शैलेंद्रने आता फोन खिशात घातला. “काय म्हणाली वैभवी? आणि तिला काय सांगू मी?”

“तिला सांग, तिची टर्न कधीच संपली. आणि तुझी येणार नाहीये.”

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कागद उलटा झाल्याचं त्याला कळलं असावं. पण कळून न कळल्यासारखं करणं त्याला चांगलं जमायचं. हमदुल्लाच्या कीबोर्डचा आवाज येत राहिला. फॉर्म छापून झाला, समोर आला. अनुपमाताई पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. नाव, पासपोर्ट नंबर, कंपनी, हुद्दा. यात एकही शब्द खोटा नव्हता.

“आणि ईशानी?” शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खरा वाटत होता. “दुपारी तुझे कॉल असतात. तिला डे-केअरमध्ये घालावं लागेल, सहा वाजेपर्यंत. पाच वर्षांची आहे ती. ती रोज विचारते तुझ्याबद्दल. मी काय करू, सांग.”

“घाल,” अनुपमाताई फॉर्मवरून मान न उचलता म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा त्यांनाच ऐकू आला, ‘वैभवी, बघ गं जरा’च्याच सुरात. जिभेवर कडू पाणी आलं. त्यांनी ते गिळलं, आणि फुली मारली होती तिथे सही केली.