अंबूबाईची कार्यकारिणी

सुपरहिरोला अध्यक्ष असतो हे कधी ऐकलंय तुम्ही? उपाध्यक्ष? सभासद? आमच्या सांगलीच्या कॉलेजात होते. एका सुपरहिरोमागं अकरा जणांची कार्यकारिणी होती आणि त्यात चिटणीस म्हणून मी, प्रियदर्शनी. का, तर माझं अक्षर चांगलं आणि सगळ्यांत मुलगी एकटीच. मुलीला चिटणीस केलं की पोरांना आपण फार पुढारलोय असं वाटतं. वही हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं.

ही १९९८ सालची गोष्ट. आमच्या लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर, पण टेलिफोनची तार जोडलेला एकच. चपला बाहेर काढून आत जायचं, तार लागेपर्यंत त्या मोडेमचं किंचाळणं ऐकायचं, आणि लागली की जगभरची पोरं जो खेळ खेळत होती त्यात शिरायचं. चित्रंबित्रं काही नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. तुम्ही आपला एक सुपरहिरो घडवायचा आणि दुसऱ्यांच्या हिरोंशी लढायचं.

घडवायचं म्हणजे शंभर गुण दोन रकान्यांत वाटायचे. आम्ही त्यांना टिकाव आणि तडाखा म्हणायचो. टिकाव जास्त तर मार खाऊनही उभं राहता येतं आणि जखमाही लवकर भरतात. तडाखा जास्त तर समोरच्याचा चेंदामेंदा, पण तुम्हाला कुणी फुंकर मारली तरी आडवे. आणि मेलात की संपलं. नाव कायमचं पुसलं जातं, पुन्हा कुणाला घेता येत नाही. उलट एकही दिवस न चुकवता सलग एक वर्ष जगलात तर नाव अमरांच्या यादीत जातं, मग ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही. त्या यादीत पोरं होती अमेरिकेची, फिनलंडची, कुठकुठली. आपल्याकडचं एकही नाही.

माझ्या हिरोचं नाव अंबूबाई. माझ्या आत्याचं. मिरजेत एका दवाखान्यात ती आया आहे. बावीस वर्षं त्या फरशीवर उभी राहून तिच्या टाचा फुटल्यात, पण एक दिवस खाडा नाही. अंबूबाईला मी टिकाव दिला ब्याऐंशी आणि तडाखा अठरा. दोन तडाखे खायचे, एक द्यायचा, पळायचं, जखमा भरल्या की परत हजर. चीड येऊन चांगले चांगले मैदान सोडून जायचे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माज्या नावाची बाई लोकास्नी मारती व्हय गं?"

"लय नाही मारत आत्या. पण मरत नाही."

"मग र्‍हाऊ दे," म्हणाली आणि भाकरी उलटली.

तीनशे छप्पन्न दिवस मी अंबूबाईला जगवली. पेपर बुडवले, मेसचं जेवण चुकवलं, तापात येऊन बसले. नऊ दिवस राहिले होते. नऊ! प्रत्येकाच्या नावापुढं दिवसांचा आकडा दिसायचा, त्यामुळं खेळणाऱ्या सगळ्यांनाच ते माहीत होतं. मला दुसरं काही नको होतं. माझ्या आत्याचं नाव त्या यादीत, फिनलंडच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून, एवढंच हवं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी, गुरुवारी सकाळी, लॅबच्या सरांना न्याय सुचला. एक तार, तिच्यावर एकच पोरगी रोज बसते, बाकीच्यांनी काय करायचं? सर म्हणाले, हिरो एकच ठेवा, पण तो सगळ्यांचा. कमिटी करा, नाहीतर तार काढून टाकतो. मी "बरं सर" म्हटलं. म्हटलं, नऊ दिवसांचा प्रश्न आहे, कशाला तोंड वाजवायचं. सरांचं मन फिरलं तर तेवढंही जायचं.

आता आमच्याकडं कमिटी कशी होते ते सांगते. रोहनचे वडील गावच्या दूध संघाचे चेअरमन. रोहन लहानपणापासून सभा बघत वाढलेला. त्याला पाळण्यातच कुणीतरी अजेंडा दिला असणार. पहिल्याच बैठकीत तो अध्यक्ष झाला, बिनविरोध, कारण उभं राहायच्या आधीच तो खुर्चीत बसला होता. उपाध्यक्ष नाथाजी. हा तालमीतला, कान मोडलेला, आणि त्या मोडक्या कानाचा तोरा असा की जणू आत अक्कलच भरून ठेवलीय. बाकी आठ जण सभासद. त्यांचं काम हात वर करायचं.

ठराव क्रमांक एक: यापुढं अंबूबाईची प्रत्येक हालचाल ठरावाने होईल. सूचक रोहन, अनुमोदक नाथाजी. मी लिहून घेतलं.

ठराव क्रमांक दोन आला तो साताऱ्यामुळं. तिथल्या कॉलेजातलाही एक हिरो त्या खेळात होता, 'माणदेशी' नावाचा. आमच्या कार्यकारिणीला कळलं की सातारा आपल्या शेजारीच खेळतोय आणि सगळ्यांच्या अंगात आलं. सांगली श्रेष्ठ की सातारा! नाथाजीनं परस्पर आव्हान पाठवून दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता.

मी म्हटलं, "नऊ दिवस थांबा. मग हवं तेवढं लढा."

"भ्यालीस व्हय?" नाथाजी म्हणाला.

"हो, भ्याले. तीनशे छप्पन्न दिवस भिऊनच काढलेत मी. म्हणून ती जिवंत आहे."

"आगं पर नुसता मार खाती तुजी अंबूबाई! जत्रंत असा नुसता धरून बसणारा गडी बघितला तर मानसं शिट्ट्या मारून उठवत्यात त्येला. काय म्हनतील लोक?"

"कुठले लोक? पडद्यावर अक्षरं आहेत नाथाजी. शिट्टी कोण मारणार? फिनलंडवाले?"

पण ऐकतोय कोण. खेळात महिन्यातून एकदा गुण इकडचे तिकडं करता यायचे. रोहननं घसा साफ केला आणि ठराव मांडला: अंबूबाईचा टिकाव ब्याऐंशीवरून पंधरावर आणावा, तडाखा पंच्याऐंशी करावा. म्हणजे बाईची हाडं काढून हातात तलवार द्यायची. दहा हात वर गेले. एकानं तर झोपेतून उठून वर केला. विरोधात एक, मी. ठराव मंजूर. आणि गुण हलवायला कीबोर्डवर कुणाला बसवलं? मलाच, कारण माझी टायपिंगची परीक्षा झालेली. जीव म्हणजे टिकावाच्या दहापट; माझ्याच बोटांनी मी तिचा जीव आठशे वीसवरून दीडशेवर आणला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काय तो पराक्रम! एका बाईचा जीव कमी केला म्हणून टाळ्या.

पाचला सगळे जमले. नाथाजीनं कपाळाला गुलाल लावला होता. खोटं वाटेल, पण लावला होता. सरांनी कीबोर्डला लागायला नको म्हणून तो पुसायला लावला. मी कीबोर्डवर, मांडीवर ठरावांची वही. मागं दहा जण, दहा तोंडं.

लढाईचे नियम सोपे. तडाखा दिला की पुढचा द्यायला दहा सेकंद थांबायचं. पळायचं असेल तर रन असं टाइप करायचं, तीन अक्षरं, की तुम्ही सुखरूप बाहेर. आणि दोघांपैकी कुणीच मिनिटभर काही केलं नाही तर दोघंही मेले, म्हणजे कुणी नुसतं बसून राहायचं नाही.

पहिल्या तडाख्याचा ठराव आधीच करून ठेवला होता. मी मारला. माणदेशीचा जीव होता सातशे, त्यातले दोनशे पंचावन्न गेले. पोरं नाचायला लागली. मी मात्र त्याचा आकडा बघत होते. सातशे जीव म्हणजे टिकाव सत्तर! साताऱ्याचा गडी आमच्यासारखा नव्हता. तो माझ्यासारखा होता. सावकाश मार खाणारा, सावकाश मारणारा.

त्यानं एक तडाखा दिला. नव्वदचा. पूर्वीच्या अंबूबाईला मुंगी चावल्यासारखं वाटलं असतं. आता तिचा जीव राहिला साठ. आणखी एक बसला की खलास. आणि त्याचे अजून चारशे पंचेचाळीस शिल्लक. आमच्या एका तडाख्यात तो मरत नव्हता, दोनातही जेमतेम. आंधळ्यालाही दिसेल असा हिशेब होता.

"पळायला पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता."

"ठराव मांड," रोहन म्हणाला.

"अरे रोहन, ठराव कसला—"

"नियम म्हंजे नियम. आपनच मोडला तर कमिटी कशाला? मांड."

मी मांडला. तोंडानं मांडला हो! "अंबूबाईनं माघार घ्यावी." अनुमोदक कोण, तर कुणी बोलेना. मग एक जण लाजत लाजत म्हणाला, मी. नाथाजीनं हरकत घेतली की माघार हा शब्द सांगलीला शोभत न्हाई. मग शब्दावर चर्चा. 'तात्पुरती विश्रांती' असं घालावं अशी दुरुस्ती आली. दुरुस्तीला अनुमोदन. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. माणदेशी मारत नव्हता. दहा सेकंद गेले, वीस गेले, तीस गेले. मला वाटलं, त्यांची तार तुटली असेल. म्हटलं, देव पावला.

"ठरावाच्या बाजूनं?" रोहननं विचारलं.

हात वर झाले. मीही केला. कीबोर्डवरचा हात उचलून वर केला मी. रोहननं मोजले, एकदा मोजले, मग परत मोजले, कारण मागच्या दोघांचा खांदा दिसत होता पण हात दिसत नव्हता. सहा. विरोधात पाच.

"ठराव मंजूर," रोहन म्हणाला. "चिटणीस, नोंद करा."

आणि मी पेन उचललं. वही उघडी होती, पेनाचं टोपण दातांत होतं, आणि मी 'ठराव क्रमांक चार' असं लिहायला लागले. सवय बघा. 'तात्पुरती' हा शब्द पुरा व्हायच्या आत पडद्यावर ओळ उमटली. माणदेशीनं मारलं. अंबूबाई मेली.

मग नाथाजी म्हणाला, "बघा, पळायचं ठरवलं म्हून मेली. मारलं असतं तर मेली नसती." आणि या मूर्खाच्या बोलण्याला दोघांनी मान डोलावली. रोहन उभा राहिला. त्यानं दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. घड्याळ बघून! मग दुखवट्याचा ठराव, सूचक रोहन, अनुमोदक नाथाजी, आणि नव्या हिरोची निवड पुढच्या बैठकीत. मग सगळे चपला शोधत बाहेर पडले आणि कँटीनकडं गेले. साताऱ्यानं कशी दगलबाजी केली ते बोलत गेले. जिन्यावर हसल्याचाही आवाज आला.

मी तशीच बसून राहिले. त्या खेळात मेलेल्याला दहा मिनिटं देतात, निरोपाचं बोलायला. मग नाव पुसतात. अंबूबाईच्या नावापुढं अजून ३५६ दिसत होतं. खाली एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. माणदेश्यानं लिहिली होती.

"अंबूबाई, हायस का अजून?"

मी लिहिलं, "आहे."

"मी अमृत. दहिवडीकडचा. साताऱ्यात शिकतो. पळाली का न्हाईस तू?"

मी वही मिटली.

"नऊ दिवस राह्यल्याले तुजे," त्यानं लिहिलं. "आकडा बघितला मी. मला माराय नव्हतं. पंचावन्न सेकंद थांबलो. इथं पोरं बोंबलत व्हती मार मार म्हून. म्या म्हनलं, पळंल ती, शानी हाय, वर्षभर जगलीया. मिनिट भरल्यावर दोघंबी गेलो असतो म्हून शेवटाला मारलं."

मी वाचलं. परत वाचलं. मग लिहिलं, "ठराव चालू होता."

"कसला ठराव?"

"पळायचं की नाही, याचा."

वरच्या कोपऱ्यात सेकंद उतरत होते. सत्तर उरले, मग साठ.

"मंजूर झाला का?"

"झाला. सहा विरुद्ध पाच."

"मग?"

"मग मी तो वहीत लिहीत होते."

मला वाटलं, गेला हा. पंधरा सेकंद उरले होते तेव्हा त्याची ओळ आली.

"मंजी कीबोर्डवर कोन व्हतं?"

रोहन लिहिता आलं असतं. नाथाजी लिहिता आलं असतं. सर, सांगली, कमिटी, काहीही लिहिता आलं असतं, तो काय बघायला येणार होता?

"मी," असं लिहिलं आणि एंटर दाबलं.