सात कोण म्हणालं?

माझ्या आईबरोबर गुन्ह्यांची मालिका बघायची म्हणजे दोन आवाज ऐकायचे, एक टीव्हीचा आणि एक तिचा. तिचाच मोठा असतो. 'आठवा साक्षीदार' ही तिची लाडकी मालिका. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात, तो ती पहिल्यापेक्षा बारकाईनं बघते, कारण तेव्हा चोर माहीत असतो आणि लिहिणाऱ्यानं कुठे कुठे लबाडी केली ते सापडतं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, पण मालिका लिहिणारे भले भले तिच्यासमोर बसवले तर त्यांना घाम फुटेल.

तिचे नियम ठरलेले आहेत. जोरजोरात ढँण ढँण वाजायला लागलं की लिहिणाऱ्याला काही सुचलेलं नाही असं समजायचं. शेवटच्या पाच मिनिटांत थोबाडीत बसल्यावर चोर सगळं कबूल करायला लागला की मालिका बंद करून भाकरी थापायला बसायचं. चोर चुकलाच पाहिजे, पण त्याच्या त्याच्या रीतीनं चुकला पाहिजे, सोनार सोनारासारखा आणि मास्तर मास्तरासारखा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याच्यावर आळ आलाय त्याला आधी विचारायचं, आणि विचारून झालं की आपण गप्प बसायचं. हा नियम मोडला की आई पदर खोचून टीव्हीवर खेकसते, "आरं बाबा, त्याला इचार की पैल्यांदा. गावाला काय इचारत फिरतो."

त्याच मालिकेकडे मी एक गोष्ट पाठवली होती. मी ऋतुजा, वय चोवीस, धारूरच्या घाटाखालच्या धनगर वस्तीवरची पहिली एम.ए. झालेली मुलगी. हे मी सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगते, त्यामुळे तुम्हालाही सांगून टाकलं. मंगळवारी मुंबईहून सोमनाथ सरांचा फोन आला. मालिकेचं लेखन तेच बघतात. म्हणाले, गोष्ट आवडली, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण पटकथा पाठवा, जमली तर पुढच्या महिन्यात शूटिंग. त्यानंतर चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. भाजीत मीठ दोनदा पडलं आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

शनिवारी दुपारी दोनला शेवटचं पान झालं. पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवायचं ठरवलं, खरं तर शाबासकी घ्यायची म्हणून. दारातल्या लिंबाखाली आई तूर निवडत होती आणि आबा वाघर दुरुस्त करत होते. मेंढरं कुणाच्या रानात बसवली की त्यांच्याभोवती लावायची जाळी म्हणजे वाघर. सोमवारपासून आमचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, अर्जुनरावांच्या रानात बसणार होतं, दरवर्षीसारखं. दहा-बारा रात्री मेंढरं बसली की लेंडीखतानं जमीन सुधारते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य मिळतं. अर्जुनराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ऐंशी एकर जमीन, रानातच बंगला, दारात कायम चार गाड्या.

गोष्ट मी घरातलीच घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी ह्याच अर्जुनरावांच्या रानातून आमची सात मेंढरं भरदिवसा गेली. राखायला होता म्हाळूमामा, आईचा धाकटा भाऊ. आबा तेलगावला बाजाराला गेले होते. मामानंच टेम्पोवाल्याला मेंढरं विकली असं ठरलं, आणि घरातली गोष्ट म्हणून पोलिसात कुणी गेलं नाही. मामा त्याच दिवशी वस्ती सोडून गेला. आता तो गेवराईकडे कुणाची तरी मेंढरं राखतो. नऊ वर्षं आईनं भाऊबीजेला ओवाळण्याचं ताट काढलेलं नाही. मी तेव्हा धारूरला वसतिगृहात होते, त्यामुळे मला हे सगळं ऐकूनच माहीत.

पटकथेत मी फक्त नाव बदललं. राखणदाराचं नाव सिदू, आणि शेवटी त्याच्या घोंगडीत टेम्पोवाल्याचा नंबर लिहिलेला कागद सापडतो. आपण आईच्या दुखण्यावर गोष्ट रचतोय हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याची आता लाज वाटते. तेव्हा मला फक्त पाच वाजायचे दिसत होते.

मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर आईचे हात तुरीत थांबले. तिनं ओळखलं होतं. चौथ्या पानावर सिदू धावत येतो आणि म्हणतो, "मालक, आपली सात मेंढरं गेली."

"थांब," आई म्हणाली. "काय म्हणाला त्यो?"

"सात मेंढरं गेली."

"असं कोण धनगर म्हंतंय?"

मला रागच आला. घड्याळात अडीच वाजत होते. "आई, एक साधं वाक्य आहे ते. तू पुढं तर ऐक."

"सात कावून म्हणंल त्यो? मोजली व्हती का त्यानं?"

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते, खांड वाढत नाही, असं जुनी माणसं सांगतात. तशी मोजायची गरजही पडत नाही. आबा संध्याकाळी खांडावरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, तांबडी मागं राहिली. मेंढी हरवली तर आम्ही तिचं नाव सांगतो, खूण सांगतो, कुणाच्या पोटची ते सांगतो, पण आकडा सांगत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एम.ए. करता करता विसरले होते.

"पण मामा स्वतःच म्हणाला ना, सात गेली," मी हेका सोडला नाही. "आबांनीच मला सांगितलंय."

आम्ही दोघींनी आबांकडे बघितलं. त्यांच्या हातातली वाघरीची दोरी तशीच राहिली होती.

"म्या म्हाळूच्या तोंडून न्हाई ऐकलं," आबा म्हणाले.

"मग कुणाच्या?" आईनं विचारलं.

"तेलगावच्या बाजारातून येत व्हतो. फाट्यावर अर्जुनराव भेटले, गाडीत. म्हणाले, धुळाजी, तुजी सात मेंढरं गेली, तुजा मेव्हणाच सांगत व्हता. सकाळी एका टेम्पोवाल्यासंगं त्याला बोलताना बघितला, असं बी म्हणाले. मागाहून म्या खांड बघितलं, तर तेवढीच गेलती."

"अन् तुमी रानात गेलाव तवा म्हाळू काय म्हणाला?"

आबा बराच वेळ आठवत राहिले. "रडत व्हता. म्हणाला, दाजी, अजून कुणालाच सांगितलं न्हाई, तुमचीच वाट बघत व्हतो. काळुंद्री न्हाई म्हणाला, लांबकानी न्हाई म्हणाला. पुढचं म्या ऐकलंच न्हाई. म्या त्याच्या थोबाडीत मारली."

आई हळूच, एकेक शब्द निवडून म्हणाली, "मंजी त्यानं आकडा सांगितलाच न्हाई."

"न्हाई."

"कुणाला काही सांगितलं बी न्हाई."

"न्हाई."

"मग अर्जुनरावाला सात कुणी सांगितलं?"

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी दुःख वगैरे झालं नाही. आनंद झाला, असा की उठून वस्तीभर पळत सुटावं. इतक्या मालिका बघितल्या, पण आपल्या दारात, लिंबाखाली, तुरीच्या सुपाशेजारी चोर सापडताना कधी बघितला नव्हता. ज्यानं नेली त्यालाच आकडा माहीत होता, आणि धनगराच्या तोंडी त्यानं आपल्या सवयीचं वाक्य घातलं होतं. नऊ वर्षं ते वाक्य आमच्या घरात फिरत होतं. मीसुद्धा ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

"चुकला बघ," आई म्हणाली. "पोती मोजणाऱ्यासारखा चुकला."

आबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा निकाल लागलता," ते म्हणाले. "अर्जुनरावानं बंगल्यावर सगळ्या गावाला जेवू घातलं व्हतं."

"मटण," आई म्हणाली. "तुमी जेवलाव."

"तू बी जेवलीस."

आई उठली. रांजणातून तांब्या भरून घेतला आणि कडेला जाऊन तिनं चूळ भरली. एकदा, दोनदा, तांब्या रिकामा होईपर्यंत. नऊ वर्षांपूर्वीच्या घासासाठी ती चुळा भरत होती, आणि मला हसू आलं नाही.

"पर पुरावा काय हाय?" आबा म्हणाले. "इतक्या वर्सांनी कोण ऐकंल आपलं?"

"मला कोर्टात न्हाई जायचं. मला माज्या भावाकडं जायचं हाय," आई म्हणाली.

आबांनी अर्धवट दुरुस्त झालेली वाघर गोळा केली, खांद्यावर टाकली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. बाहेर येऊन म्हणाले, "सोमवारी आपलं खांड तिकडं बसायचं न्हाई. आजच निरोप देतो, अन् कावून ते बी सांगतो." अर्जुनरावांना नाही म्हणणारा माणूस आमच्या वस्तीवर आजवर झाला नव्हता. मला माझ्या बापाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

सव्वातीनला मी सोमनाथ सरांना फोन लावला.

"सर, मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"का हो? आज पाचला ठरलं होतं आपलं."

"चोर बदललाय."

पटकथा हातची गेली असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की गेली तर गेली. जुनी पटकथा मी पाठवणार नव्हते. निरपराध माणसाला एकदा घरानं चोर ठरवलं ते पुष्कळ झालं, आता सगळ्या महाराष्ट्रासमोर मी त्याला चोर ठरवायला निघाले होते.

"कुणी पकडला?" सरांनी विचारलं.

"माझ्या आईनं. एका आकड्यावरून."

"उद्या सकाळी दहा," सर म्हणाले. "आणि तो आकडा मला आत्ता सांगा."

मी सांगितला नाही. आईनं हात पुढे केला होता. तिला फोन हवा होता.

मामाचा नंबर आबांच्या फोनमध्ये निघाला. कधीपासून होता ते आम्ही दोघींनी विचारलं नाही. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आईच्या पुढ्यात सुपावर ठेवला. आधी मेंढरांचा आवाज आला, मग माणसाचा.

"कोण?"

"म्हाळू, म्या अक्का."

किती तरी वेळ नुसती मेंढरंच ओरडत राहिली.

"बोल अक्का."

"मेंढरं तू नेली न्हाईस."

"ते मला म्हाईत हाय," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुला कवा कळलं?"

"आत्ता. जरा वेळापूर्वी." आईनं सूप जवळ ओढलं. "तू बोलला कावून न्हाईस रं? इतकी वर्सं?"

"मला कुणी इचारलं कुठं, अक्का?"

आईनं डोळे मिटले. जिनं जगातल्या प्रत्येक इन्स्पेक्टरला हा नियम शिकवला होता, तिनं स्वतःच्या भावाला एकदाही विचारलं नव्हतं. आबांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण माझ्या मांडीवर चाळीस पानं होती आणि ती लिहिताना मलाही त्याला एक फोन करावासा वाटला नव्हता.

आईनं पदरानं तोंड पुसलं. फोनजवळ वाकून म्हणाली, "आता इचारते. त्या दिवशी काय झालं, सांग मला." आणि ती गप्प बसली.

"मेंढरं वढ्यावर पाजून आणलती," मामा सांगू लागला. "बंगल्यावरनं माणूस आला, च्या घ्यायला बोलावलंय म्हणाला. मला कधी कुणी च्याला बोलावत न्हाई, म्हणून गेलो. लई वेळ बसवून ठेवलं. परत आलो तर काळुंद्री दिसंना. म्हणलं, झुडपामागं असंल. मग बघतो तर लांबकानी न्हाई. बोडकी न्हाई. चांदी न्हाई. तिरळी, जी तू पायलीभर दाणं चारून वाचवलीस, ती न्हाई. भोरी न्हाई. अन् भोरीची कोकरी, ती पाय वढत चालायची बघ, ती बी न्हाई."

एवढं बोलून तो थांबला. नऊ वर्षांनी त्याला एकही नाव आठवावं लागलं नाही, आणि आकडा त्यानं सांगितला नाही.

मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा आमची मेंढरं मोजली. त्याच्या एकेका नावाला एकेक बोट मिटत गेले होते. सात भरली.