हातभर धाग्यांचा चेंडू

मी एक जुना चेंडू आहे. पण मित्रांनो, आजवर मला कोणी भिंतीवर आपटलेले नाही की अंगणात लाथाडलेले नाही. माझ्या अंगभर रेशमाचे भरतकाम आहे. अशा चेंडूंना जपानमध्ये तेमारी म्हणतात. माझा जन्म मात्र बंगळूरचा, कब्बनपेटेतल्या एका लहानशा खोलीतला. साल होते एकोणीसशे अठ्ठावन्न.

मला घडवणाऱ्या मालनबाई रेशमाला पीळ देणाऱ्या एका कारखान्यात काम करत. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. नवरा वारलेला, पदरात शाळेत जाणारी मुलगी कृष्णाबाई. यंत्रावरचा धागा तुटला की टोके पकडून चटकन गाठ मारायची, हे मालनबाईंचे काम. गाठ मारताना उरलेले तुकडे टोपलीत पडत. ते कोणीही घरी न्यावेत, अशी तिथली रीत होती. बायका त्या तुकड्यांनी उशा भरत.

त्या वर्षी नवी यंत्रे बसवायला एक जपानी इंजिनिअर आले होते. त्यांची पत्नी फुमिको दुपारच्या सुट्टीत कारखान्यात येऊन बसे आणि चेंडूवर टाके घाली. तिला कानडीचे दहा-बारा शब्द येत, मालनबाईंना जपानीचा एकही नाही. तरी दोघींचे जमले. ती यांना ‘अक्का’ म्हणे. यांनी तिची ‘फुमक्का’ करून टाकली. एकदा तिने निळा-पांढरा चेंडू पुढे धरला, डोळे मिटले आणि आपल्या भाषेतली चिमुकली कविता म्हटली. मग चेंडूवरच्या निळ्या रेघा आणि पांढरे ठिपके बोटाने दाखवले. मालनबाईंना उमगले: आधी कविता, मग चेंडू. आता फुमक्काचे बोट त्यांच्याकडे वळले. तुझी कविता कुठली?

मालनबाई यंत्राच्या घरघरीत मनाशी ओव्या जुळवत, हे एका कृष्णाबाईलाच ठाऊक होते. त्यांनी मान खाली घालून एक म्हटली:

तुटला गं धागा, बाई, बोटानं मी जोडिला
मावळता पिवळा दीस पदरात ओढिला.

त्या ओवीतून मी जन्मलो. भाताच्या तुसाची पुरचुंडी माझे काळीज झाली. तिच्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आल्या. टोपलीतले तुकडे एकमेकांना गाठून मालनबाईंनी ते माझ्याभोवती हजारो वेळा गुंडाळले आणि प्रत्येक गाठ आत दाबून दिसेनाशी केली. वरच्या टाक्यांत तांबड्या-हिरव्याच्या जोडीला मावळत्या उन्हाचा पिवळा रंग सगळ्यांत जास्त आला. कमरेच्या पट्ट्याला पिवळा कमी पडला, तेव्हा फुमक्काने आपल्या डब्यातला दोरा दिला. माझ्यावर चार महिने लागले.

फुमक्का परत निघाली, त्या दिवशी ती चार वाजता सर्वांचा निरोप घ्यायला येणार होती. मला तिला द्यायचे म्हणून मालनबाईंनी सकाळीच फडक्यात बांधून नेले. पण दाराशी देवाप्पा मेस्त्री प्रत्येकाची पिशवी तपासत उभे होते. पिवळ्या रेशमाच्या दोन लड्या सोमवारपासून गायब होत्या.

मेस्त्रींनी फडक्याची गाठ सोडली आणि त्यांचा हात थांबला.

“मालनबाई, हा पिवळा कुठला?”

“टोपलीतला, अण्णा. तुकडे जोडलेत.”

“तुकड्यांचा एवढा चेंडू होतो?” मेस्त्री बेळगावकडचे, मराठी चांगले बोलत, पण त्यांच्या आवाजात ओळख उरली नव्हती. “चला साहेबांकडे.”

मला मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवले. दाराशी बायकांची गर्दी झाली. साहेबांनी मला हातात तोलून पाहिले. “पोलिसांना बोलवण्याआधी शेवटचं विचारतो,” ते कानडीत म्हणाले. “कबूल आहे का?”

“नाही.”

“वरवर तुकडे लावले असतील, साहेब,” मेस्त्री म्हणाले. “लड आत असेल. कापून बघू.” आणि त्यांनी कात्री उचलली.

मित्रांनो, ते थंडगार पाते माझ्या पिवळ्या टाक्यांवर टेकले, तेव्हा ओरडायला मला तोंड नव्हते. मालनबाईंनी झेप घेऊन मेस्त्रींचे मनगट धरले. त्यांना असे वागताना कोणीच कधी पाहिले नव्हते.

“कापू नका! कात्री लावली की अख्खी लडसुद्धा तुकडे तुकडेच दिसेल. मग मी कशानं दाखवू? मी उसवते. तुमच्यासमोर, एकेक धागा. लडीचा धागा तुटत नाही, संपत नाही. माझा एक धागा जरी हातभरापेक्षा लांब निघाला, तर खुशाल पोलीस बोलवा.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “सरी,” म्हणत त्यांनी कानडीत होकार दिला. “उसवा.”

मालनबाईंनी अंबाड्यातली सुई काढली. चार महिन्यांचे टाके त्यांनी एकेक करून उचलले. प्रत्येक धागा त्या टेबलावरच्या फूटपट्टीशेजारी ठेवत. वीतभर. दीड वीत. गाठ. पुन्हा वीतभर. गाठ. माझा तांबडा गेला, हिरवा गेला. मी लहान होत चाललो होतो आणि माझी भीती मोठी होत चालली होती. कारण फुमक्काच्या दोऱ्याचा कमरेचा पट्टा अजून यायचा होता; हातभराचे बोलताना तो मालनबाईंच्या ध्यानातच आला नव्हता.

तो आला. पिवळा धागा निघू लागला. हातभर झाला, तरी गाठ येईना. दोन हात. मालनबाईंची बोटे थांबली नाहीत. तीन हात. चार.

“बघा, साहेब!” मेस्त्री म्हणाले.

मालनबाईंनी धागा तसाच वर धरला. “हा फुमक्कानं दिला,” त्या कशाबशा बोलल्या. बोलता बोलताच त्यांना कळले की हे कोणी खरे मानणार नाही, आणि फुमक्का यायला तर चार वाजायचे होते. साहेबांचा हात टेलिफोनकडे गेला.

मेस्त्रींनी तो धागा आपल्या बोटांत घेतला. वीस वर्षे रेशीम हाताळलेली ती बोटे होती. त्यांनी धागा सवयीने चुरगळला, उलट फिरवला, खिडकीच्या उजेडात धरला. पुन्हा फिरवला. ते गप्प राहिले असते, तर त्यांना कोणी विचारणार नव्हते.

“फोन ठेवा, साहेब,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा आपला नाही. आपल्या सगळ्या यंत्रांचा पीळ उजवा. हा डावा आहे. बाहेरचा धागा आहे हा.”

“नक्की?”

“माझी बोटं खोटं सांगत नाहीत.”

तरीही मालनबाई थांबल्या नाहीत. “आत लड आहे म्हणालात ना? मग शेवटपर्यंत बघा.” त्या गुंडाळी उलगडत राहिल्या. गाठी, गाठी, नुसत्या गाठी. मग लुगड्याच्या पट्ट्या. मग टेबलावर माझी तुसाची पुरचुंडी तेवढी उरली, उघडी, लिंबाएवढी.

साहेबांनी घसा साफ केला. “ठीक आहे. जा कामाला.”

मालनबाई हलल्या नाहीत. “साहेब, माझ्या नावाला डाग सगळ्यांपुढं लागला. तो सगळ्यांपुढंच पुसा.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. यंत्रे थांबलेली होती, दाराशी चाळीस बायका उभ्या होत्या. अखेर ते उठले, दारापर्यंत गेले आणि मोठ्याने म्हणाले, “मालनबाईंनी चोरी केलेली नाही. चूक आमची झाली.”

चार वाजता फुमक्का आली. बाहेर मोटार उभी होती, मद्रासची गाडी गाठायची होती. तिने जमिनीवर बसलेल्या मालनबाईंना पाहिले आणि त्यांच्या ओटीतला धाग्यांचा ढीग पाहिला. मालनबाई एवढेच म्हणाल्या, “तुला द्यायचा होता गं.” आणि सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे तिथे भरून आले.

फुमक्का फतकल मारून शेजारी बसली, पुरचुंडी उचलली, पट्ट्या बांधल्या आणि धागा गुंडाळू लागली. मोटारीचा भोंगा वाजला. तिने गुंडाळणे सोडले नाही. भोंगा पुन्हा वाजला, दाराशी तिचे यजमान येऊन उभे राहिले, तेव्हा मी पेरूएवढा झालो होतो. तिने मला मालनबाईंच्या ओंजळीत ठेवले. “स्वल्प बाकी, अक्का,” ती म्हणाली आणि पळत गेली.

त्या दोन लड्या आठ दिवसांनी रंगखान्यात, वाळत घालायच्या काठ्यांमागे सापडल्या. देवाप्पा मेस्त्रींनी माफी मागितली नाही; तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यानंतर दर शनिवारी ते टोपलीतले तुकडे स्वतः रंगवार निवडून, पुडी बांधून मालनबाईंच्या यंत्रावर ठेवू लागले.

मला पुन्हा भरायला वर्ष लागले. या वेळी मालनबाईंनी एकही गाठ आत दाबली नाही. प्रत्येक गाठ वर आणून तिच्याभोवती पाकळ्या काढल्या. ओवीही नवी होती:

गाठीमागं गाठ, बाई, झाकू आता कशापायी
उजेडाला आली तिला लाजायाचं काम न्हाई.

पुढे एका प्रदर्शनात मला काचेखाली ठेवले. लोकांनी कौतुक केले. मग कृष्णाबाईच्या लग्नाच्या गडबडीत मी एका ट्रंकेत पडलो आणि पाच पावसाळे तिथेच राहिलो. कसरीने माझी दोन फुले खाल्ली. यंदा, एकोणीसशे सदुसष्टमध्ये, कृष्णाबाईने मला बाहेर काढले, ऊन दाखवले आणि भोके भरली.

मित्रांनो, मी उसवलो, पण पुन्हा भरला गेलो, कारण मला घडवणारे हात जागेवर होते. माणसाचे नाव असे उसवले, तर ते भरून देणारा प्रत्येकाला भेटतोच असे नाही. म्हणून कोणावर बोट रोखण्याआधी तेच बोट धाग्यावरून एकदा फिरवून बघा. आणि मला उचलण्याआधी हात तेवढे धुवा. मालनबाईंची नजर आता अधू झाली आहे, पण डाग पडला की त्यांना तो हाताला कळतो.